मिथुनचं वजन

पुणे,
१६ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार केला आहे असं समज. खरंच वाकायचं म्हटलं तर पाठ धरते हल्ली. तिळाच्या वड्या पोचल्या. चारुदत्त डबा ऑफिसला घेऊन गेला आणि रिकामा परत घेऊन आला, त्यामुळे माझ्या वाट्याला तळाचा चुरा आला. पुढच्या वेळी त्याच्या नावाचा वेगळा डबा कर, नाहीतर आमचा संसार धोक्यात आहे.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून पाकिटं आणि तिकिटं आणून ठेवली आहेत. पोस्टातली बाई मला कौतुकानं बघते. या वयाचं कोणी तिच्याकडे फिरकत नाही म्हणे.

आता कामाचं. आमची संस्था तुमच्या पनवेलच्या बाजूला, नेरे गावच्या वीटभट्टीवर पोरांसाठी दुपारचं जेवण चालवते, हे तुला माहीत आहे. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भट्टीवर येतात आणि पावसाच्या आधी परत जातात. आईबाप दिवसभर चिखलमातीत, पोरं तिथंच. त्यांना एक गरम जेवण आणि एक अंडं. पोरं भट्टीवर आली की नाव नोंदवताना वजन होतं, मग दर महिन्याला. हे सगळे आकडे माझ्याकडे येतात, कारण संस्थेत आकडेवारी सांभाळणारी मी एकटीच. मार्चअखेर पैसे देणारे लोक माझा अहवाल बघून ठरवणार, की ही चूल पुढच्या वर्षी पेटवायची की बंद करायची.

आणि माझ्या तक्त्यात भोकं पडली आहेत. नोव्हेंबरचं वजन सगळ्यांचं आहे. डिसेंबरमध्ये बरेच रकाने कोरे, जानेवारीत त्याहून जास्त. कोऱ्या जागा तशाच सोडून उरलेल्या पोरांचा हिशेब केला तर वजन जागचं हललेलंच दिसत नाही. आमचे देवेश सर म्हणतात, आधीच्या महिन्याचं वजन पुढच्या रकान्यात लिहून टाक, सगळे तसंच करतात. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही कळत नाही. सरासरी घालू? सारख्या वयाच्या पोराचं वजन उसनं घेऊ? तीस वर्षं तू कॉलेजात हेच शिकवलंस. सातवी ते दहावी मलाही शिकवलंस, जेवणाच्या पाटपाण्यापासून गणितातल्या प्रमाणापर्यंत. सांग ना.

एकदा येऊन बोलले असते, पण सध्या घाट नको वाटतो. गाडी लागते.

तुझी,
अनुया


पनवेल,
२१ जानेवारी

चि. अनुया,

अनेक आशीर्वाद, आणि त्यात एक वरकड, कारण निवृत्त झाल्यापासून संख्याशास्त्रातलं काही मला कोणी विचारलंच नव्हतं. लोक विचारतात ते गुडघ्याचं औषध. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. पोळी करपली. असू दे.

इथं नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागल्यापासून शेजारच्या माधुरीचे कान किटले आहेत. मला बाई काही त्रास नाही. कानातलं यंत्र काढून ठेवलं की झालं. बहिरेपणाचा हा एक फायदा मला चार वर्षांनी सापडला.

आता तुझे रकाने. देवेश सरांना माझ्या नावानं सांग, की वाढत्या पोराचं जुनं वजन पुढे ओढणं म्हणजे त्याला मागच्या वर्षीचं झबलं घालणं. पोर तीन महिने ग्रॅमभरही वाढलं नाही असं तू स्वतःच्या हातानं लिहून देणार, आणि मग म्हणणार, बघा, जेवणाचा काही उपयोग नाही! सरासरी घातलीस तर सगळी पोरं एका साच्यातली होतील आणि तुला नको तितकी खात्री वाटायला लागेल. सारख्या वयाच्या पोराचं उसनं घेणं त्यातल्या त्यात बरं. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक कोरा रकाना एकदा नाही, वीस वेळा भर, दर वेळी थोडा वेगळा, आणि शेवटचं उत्तर किती हलतं ते बघ. फार हललं तर कबूल कर की आपल्याला माहीत नाही. तुझ्या संगणकाला ते चुटकीसरशी येतं. आमच्या वेळी हातानं करताना जीव जायचा.

पण ही सगळी हुशारी एका गृहीतावर उभी आहे. कोरं राहिलेलं पोर हे भरलेल्या पोरासारखंच आहे, असं आपण धरून चालतो. मी दिवसभर दुसरं काय करते? वाणी बोलतो, त्यातलं निम्मं कळतं, निम्मं मी मनानं भरते. वाणी वीस वर्षांचा ओळखीचा, त्यामुळे बहुतेक जमतं. बँकेत नवीन मुलगी आली आहे, तिच्यापुढे माझी रोज फजिती होते. पद्धत तीच गं, पण तिला मी ओळखत नाही.

म्हणून आधी मला हे सांग, की रकाने कोरे का आहेत? ते कळल्याशिवाय एकही भरू नकोस.

आणि तुला गाडी कधीपासून लागायला लागली? लहानपणी तू खोपोलीच्या वळणांवर भेळ खायचीस.

तुझी,
सुनीताआत्या


पुणे,
३० जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं झबलं देवेश सरांना वाचून दाखवलं. ते हसले, पण जुनं वजन पुढे ओढायचा आग्रह सोडला. तुला धन्यवाद द्यायला सांगितलं आहे, आणि मी त्यात माझेही मिसळते. या कामात मला इतकं एकटं वाटत होतं की काय सांगू. तुझं पत्र पिशवीत घेऊन फिरते.

रकाने कोरे का, यावर मी चार दिवस डोकं खाजवलं. मला असं वाटतं: जी पोरं वजनाला येत नाहीत ती आजारी असणार. आई दमलेली, पोर तापलेलं, कोण उठून रांगेत उभं राहणार? म्हणजे कोरी पोरं ही भरलेल्यांपेक्षा हलकीच असणार. तसं धरून मी रकाने भरले, तुझ्या सांगण्याप्रमाणे वीस वेळा, दर वेळी थोडं कमी वजन घालून. उत्तर भयंकर आलं आत्या. भट्टीवर आल्यापासून पोरं खालावतायत असं दिसतं. हा अहवाल गेला तर चूल बंद होणार, यात शंका नाही. देवेश सर म्हणाले, अगं एवढं वाईट कशाला धरतेस? पण चांगलं दिसावं म्हणून चांगलं धरायचं, हे मी तुझ्याकडे शिकले नाही. दोन दिवस जेवण जात नाही. एक तर खोटं लिहू, नाहीतर पोरांच्या तोंडचं अंडं काढून घेऊ.

सोबत एक फोटो छापून पाठवते. दिपा म्हणून आमची तिथली कार्यकर्ती आहे, नेऱ्याचीच मुलगी, तिनं जेवणाच्या वेळी काढलेला. डावीकडे बसलेली शुक्री. तिच्या मांडीवर मिथुन आहे, दीड वर्षाचा. नोव्हेंबरात त्याचं वजन फारच कमी भरलं होतं, तेव्हापासून त्याचे सगळे रकाने कोरे आहेत. बघ, आईनं त्याला कसं पदराखाली झाकलंय. नुसता एक हात बाहेर दिसतो. मला तो फोटो बघवत नाही.

आंब्याचं जुनं लोणचं उरलं असेल तर पाठव. तोंडाला चव नाही.

तुझी,
अनुया


पनवेल,
५ फेब्रुवारी

चि. अनुया,

आधी जेव. लोणचं स्पीड पोस्टानं पाठवलं आहे, बरणीला तीन पिशव्या बांधल्या आहेत, तरी फुटली तर पोस्टातल्या बाईची माफी माग.

फोटो मी खिडकीत नेऊन भिंगातून पाहिला. पदर पाहिलास, हात पाहिला नाहीस? मनगटाला दोरा बांधल्यासारखी वळी पडली आहे. कोपरापाशी खळी. असा हात आजारी पोराचा नसतो बाई. आणि पदराखालून तळपाय डोकावतोय तो तर तुला दिसलाच नाही, तेवढ्याशा त्यालासुद्धा काजळाची तीट आहे, नीट बघ.

मला एक शंका येते आहे, पण मी ती लिहिणार नाही. तू पुण्यात बसून अंदाज केलास, मी पनवेलात बसून दुसरा करीन, आणि दोघी आपापल्या अंदाजाच्या प्रेमात पडू. नेरं इथून काही लांब नाही. मी भट्टीवर जाऊन येते. रूपेश रिक्षावाला मला ओळखतो. तो बोलत नाही आणि मी ऐकत नाही, त्यामुळे आमचं उत्तम जमतं.

तोवर तो भयंकर अहवाल कोणाला दाखवू नकोस. चूल अजून पेटलेली आहे ना? मग धीर धर.

तू का येत नाहीस, हे मात्र तू सांगितलं नाहीस.

तुझी,
आत्या


पुणे,
९ फेब्रुवारी

आत्या,

घाईत लिहिते आहे. तू जाऊ नकोस! ऊन किती झालंय, तिथं धूर, माती, ट्रक उलटे येतात आणि तुला हॉर्न ऐकू येत नाही. मीच गेले असते, पण मला उन्हात फिरायला मनाई आहे, म्हणजे ऑफिसातून कोणालाच सुट्टी नाही सध्या.

तू जाणारच, हे मला ठाऊक आहे. म्हणून दिपाला सांगून ठेवलंय. ती दर बुधवारी भट्टीवर असते, आणि १८ तारखेच्या बुधवारी वजनाचा दिवस आहे. तिच्या मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायला सांगितलंय. टोपी घाल, पाणी ने, आणि रस्ता ओलांडताना रूपेशचा हात धर.

बरणी फुटली नाही. लोणचं जवळजवळ संपलंच आहे. तू म्हणजे देव आहेस.

अनुया


पनवेल,
१८ फेब्रुवारी

चि. अनुया,

जाऊन आले. धडधाकट आहे. टोपी घातली होती आणि त्यात मी फार विचित्र दिसते, असं रूपेशच्या चेहऱ्यावरून कळलं.

आता सविस्तर ऐक. भट्टीच्या कडेला आंब्याचं झाड आहे. त्याच्या फांदीला तुमचा काटा टांगलेला, खाली कापडाची झोळी. पोराला झोळीत घालायचं, पोर हवेत लोंबकळत रडणार, दिपा काटा वाचणार आणि आकडा मोठ्यानं पुकारणार. दुसरी मुलगी तो पुन्हा मोठ्यानं म्हणून लिहिणार. चूक होऊ नये म्हणून तुमच्या पुण्याच्या ऑफिसानंच हा नियम घातला आहे म्हणे. मला काही ऐकू आलं नाही, पण दर आकड्याला सगळ्या बायांच्या माना तिकडे वळलेल्या मी पाहिल्या.

रांगेतली पोरं किरकोळ होती. किरकोळ पोराला तुम्ही जास्तीचा लाडू देता ना, म्हणून त्यांच्या आया हौसेनं आलेल्या. आणि विटांच्या थप्पीआड चार-पाच जणी पदर सावरून बसलेल्या. त्यात शुक्री होती. मी गेले आणि विचारलं, “तुझं बाळ नाही का वजनाला?”

मला वाटलं मी हळू विचारलं. माझा आवाज मलाच कळत नाही, हे तू जाणतेसच. अख्ख्या भट्टीचं काम थांबलं. फावडी हातातल्या हातात. शुक्री उठली आणि तरातरा झोपडीकडे निघून गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दिपानं मला बाजूला घेतलं आणि मोबाईलवर लिहिलं, “त्यांचं पोर आता अंगानं भरलंय. भरलेलं पोर काट्यावर टांगत नाय. आकडा चारचौघांत बोलला की नजर लागते.”

मी विचारलं, मग तसं लिहीत का नाहीस? ती बिचारी लाजली. मग लिहिलं, “नकार लिहिला तर ऑफिस त्यांचं अंडं बंद करेल. म्हणून कोरं सोडते.”

कळलं का अनुया? रोडकी पोरं रांगेत येतात, बाळसं धरलेली थप्पीआड बसतात. पोर जितकं सुधारेल तितका रकाना कोरा राहील! म्हणून नोव्हेंबर भरलेला आणि जानेवारी भोकाभोकांचा. तू अगदी प्रामाणिकपणे, वीस-वीस वेळा, उलटंच भरलंस.

आणि हसू नकोस त्या बायांना. तू आठ महिन्यांची असताना तुझ्या आईनं तुझं नाव गुटगुटीत बालक स्पर्धेत घातलं होतं. तुझी आजी शाळेच्या फाटकात जाऊन तुला उचलून घरी घेऊन आली. “माझ्या नातीला चव्हाट्यावर कोण तोलतंय ते बघतेच,” म्हणाली. मी तेव्हा संख्याशास्त्राची प्राध्यापक होते, तरी मी माझ्या आईचीच, म्हणजे तुझ्या आजीचीच बाजू घेतली होती. तीट पाहिली तेव्हा मला हेच आठवलं होतं.

मग मी शुक्रीच्या झोपडीपाशी जाऊन बाहेरच बसले. बऱ्याच वेळानं तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. म्हणजे राग गेला असावा. दिपाच्या पेटीत गरोदर बायांसाठी आणलेला सपाट वजनकाटा होता, तो मी मागवला. म्हटलं, पोराला नाही तोलायचं. तुला तोलू. एकदा मिथुनला कडेवर घेऊन उभी राहा, एकदा त्याला दिपाकडे देऊन. मी घरी जाऊन वजाबाकी करीन, हे तुला आत्ताच सांगते, फसवणार नाही.

ती काय म्हणाली ते दिपानं लिहून दाखवलं, जसंच्या तसं: “माजा वजन करा, मना काय नाय. घरी जाऊन काय करायचा ता करा. हितं आकडा बोलायचा नाय.”

मी तोंडावर बोट ठेवलं. ती काट्यावर चढली, आधी मिथुनसकट, मग एकटी. नोव्हेंबरातलं ते काडीसारखं पोर कुठल्या कुठे गेलंय. आकडा लिहीत नाही. तिला शब्द दिला आहे. दिपाच्या तक्त्यातून तुला कळेलच.

आता शहाणपणानं पुढचं. थप्पीआडची सगळीच पोरं गुबगुबीत आहेत, असं धरून चालू नकोस. तो माझा अंदाज होईल. काही खरोखर आजारी असतील, काही गावी गेली असतील. कोऱ्या नावांच्या चिठ्ठ्या टाका, जी निघतील त्यांच्याकडे दिपानं हा सपाट काटा घेऊन घरोघरी जावं, आयांना विचारून. त्यातून जे खरं कळेल त्याच्यावर उरलेले रकाने भर. वीस वेळा भर, उत्तर किती हलतं ते लिही. आणि ती आकडा पुकारायची पद्धत बंद करा आधी.

घरी आले तेव्हा अंगभर विटांची धूळ होती आणि मी आंघोळीला न जाता तुला लिहायला बसले. कान गेल्यापासून मला वाटायला लागलं होतं की आपण आता कुणाच्या कामाच्या नाही. तू विचारलंस, म्हणून मी बाहेर पडले. तुझे उपकार मानायचे की तुला आशीर्वाद द्यायचा ते कळेना, म्हणून दोन्ही घे.

एक राहिलंच. तुझ्याही पत्रांत एक रकाना कोरा आहे. गाडी लागते, उन्हात मनाई, लोणचं आठवड्यात संपतं. मी काही तो भरत नाही. थप्पीआड कोण बसतं ते आता मला कळलं आहे, म्हणून निश्चिंत आहे. सवडीनं सांग.

तुझी,
आत्या


पुणे,
२४ मार्च

माझी लाडकी आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही त्याबद्दल काय हवी ती शिक्षा कर. तुझं पत्र वाचून मी ऑफिसातच रडले, आणि देवेश सरांनी घाबरून चारुदत्तला फोन केला.

तू सांगितलंस तसंच केलं. चिठ्ठ्या टाकल्या, दिपा सपाट काटा घेऊन दारोदार फिरली. फक्त एका आईनं नाही म्हटलं, आणि दिपानं या वेळी “नाही म्हणाली” असं लिहिलं. तू म्हणालीस तशी सगळी पोरं काही गुबगुबीत निघाली नाहीत. काही आईबापांबरोबर दुसऱ्या भट्टीवर गेली होती, आणि एक खरंच तापानं फणफणलेलं होतं. त्याला दिपानं त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, ते आता बरं आहे. पण बाकीची बहुतेक रांगेतल्या पोरांपेक्षा चांगली वजनदार होती. त्यावरून मी उरलेले रकाने भरले. वीसच्या वीस वेळा उत्तर एकाच बाजूला पडलं, आत्या. जेवणानं पोरं सुधारतायत. चमत्कार वगैरे नाही, जेमतेम, पण नक्की.

पैसे देणाऱ्यांच्या बैठकीत एका बाईंनी विचारलं, रकाने भरायची हीच पद्धत का निवडली? मी झोळी, थप्पी, शुक्री, सगळं सांगितलं. माझी आत्या ऐकू येत नसताना भट्टीवर जाऊन आली, हेही सांगितलं. मग त्या बाई म्हणाल्या, आमच्याकडेही बाळाचं वजन कोणाला सांगत नाहीत! सगळे हसले. पुढच्या वर्षी चूल पेटणार, आत्या. शेजारच्या भट्टीवरही दुसरी पेटणार. आकडा पुकारायचा नियम गेला, आणि तक्त्यात आता “आईची इच्छा नाही” असा वेगळा रकाना आहे. तो भरला म्हणून कोणाचं अंडं जाणार नाही, असं मी लिहून घेतलंय.

माझा संसार, माझी नोकरी, माझी गणितं, सगळ्याच्या तळाशी तू आहेस, हे मी कधी बोलले नाही. आज लिहून टाकते. तू होतीस म्हणून मी आहे.

आणि तो कोरा रकाना. पाचवा लागला. सासूबाई म्हणाल्या होत्या, पाचवा लागल्याशिवाय माहेरी अवाक्षर काढायचं नाही. आणि मी, एवढी शिकलेली, महिन्याचे महिने आकडे घेऊन बसणारी, मुकाट्यानं पदर सावरून थप्पीआड बसले. तुला न सांगताना रोज जीव वरखाली व्हायचा. पण सांगून काही झालं असतं तर? मी शुक्रीला कुठल्या तोंडानं हसू!

डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे. बाळाचं वजनही सांगितलं त्यांनी. ते मी तुला लिहीत नाही.

तुझीच,
अनुया


पनवेल,
२ एप्रिल

चि. अनुया,

मला कळलं होतं. तरी तुझ्या अक्षरात वाचल्यावर मी देवापुढे साखर ठेवली आणि मग ती सगळी मीच खाल्ली. सुखी राहा. उन्हात फिरू नकोस. लोणच्याची दुसरी बरणी येते आहे, आणि ती मात्र चारुदत्तला दाखवायची नाही.

काल बुधवार होता, म्हणून मी रूपेशला घेऊन भट्टीवर गेले. चूल राहणार, ही बातमी दिपाला कळली होतीच, पण शुक्रीला मलाच सांगायची होती. ती विटा थापत होती. मला बघून हात झटकले, मिथुनला उचललं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

त्या दिवशी काट्यापाशी दिपाकडे दिला तेवढा सोडला, तर आजवर तो पदराबाहेर कोणाकडे गेला नव्हता म्हणे. दिपानं तसं लिहून दाखवलं. काय सांगू तुला. माझ्या मांडीला रग लागली. त्यानं माझ्या कानातलं यंत्र ओढून काढलं आणि तोंडात घातलं. मी तीस वर्षं आकडे शिकवले, पण एक आकडा असा मांडीवर येऊन बसेल असं कधी वाटलं नव्हतं. डोळे भरून आले माझे.

मान वर केली तर सगळ्या बाया माझ्याकडे बघत उभ्या. म्हातारी आता काय बोलते, याची वाट बघत. त्यांना माझा आवाज ठाऊक आहे. शुक्री तर जीव मुठीत धरून उभी होती.

मी नाक मुरडलं आणि माझ्या त्या आवाजात म्हटलं, “काय गं शुक्री, किती रोडावलाय हा! नुसती हाडं! काही खायला घालतेस की नाही?”

सगळ्या भट्टीला ऐकू गेलं. आणि बाया हसायला लागल्या. मला हसू ऐकू येत नाही, पण एकेकीचे खांदे हलताना दिसत होते, डोळ्याला पदर लावलेले दिसत होते. शुक्री माझ्यापुढे वाकली, मातीचे हात माझ्या तोंडावरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. माझी दृष्ट काढली गं तिनं. माझी दृष्ट काढायला आता कोण उरलंय, असं मला वाटत होतं.

गालावर माती तशीच ठेवून घरी आले. जिन्यात माधुरी भेटली. तिनं विचारलं ते ओठांवरून कळलं: “अनुया कशी आहे?”

“कसली बरी बाई,” मी म्हटलं, आणि चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल, “पार सुकली आहे पोरगी.”

तुझी,
आत्या